ओठाची शिवण

7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणात आमच्या नात्यातल्या एका मुलीला दुपारपासूनच विळीला हात लावू दिला नाही. सातवा महिना. ग्रहणात चिरलं-कापलं तर बाळाचा ओठ फाटतो म्हणे.

ओठ फाटत नसतो हो. तो जुळायचा राहून जातो.

नाकाखाली बोट फिरवून बघा. मधोमध पन्हळ लागेल, तिच्या दोन्ही अंगांना उभ्या कडा. आपला चेहरा जोडल्याची ही खूण.

गर्भधारणेनंतर चौथा आठवडा संपताना गर्भ असतो जेमतेम 4 मिलिमीटरचा. शेपूट असते, मानेशी वळ्या असतात (त्यांना कल्ले म्हणायची खोड सोडा, त्यातून जबडा आणि कानातली हाडं घडतात). चेहऱ्याचा पत्ता नसतो. तोंडाच्या खळग्याभोवती पाच उंचवटे, बस्स: कपाळाचा एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्याचे दोन. पुढे कपाळाच्या उंचवट्यावर नाकाच्या दोन खळग्या पडतात आणि प्रत्येकीभोवती घोड्याच्या नालासारखी कड उठते. वरच्या जबड्याचे उंचवटे दोन्हीकडून मध्याकडे वाढत येऊन या नालांच्या आतल्या कडांना भिडतात.

पण नुसतं भिडून भागत नाही. दोन बोटं रात्रभर जुळवून ठेवली तरी चिकटतात का? इथे चिकटतात. दोन्ही बाजूंच्या आवरणातल्या पेशी एकमेकींना धरून एक शिवण तयार करतात आणि मग ती शिवणच नाहीशी होते. तिच्यातल्या काही पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, काही बाजूला सरकतात. आतली मेसेन्काइम नावाची मऊ ऊती आरपार एक होते. या ऊतीतल्या बहुतेक पेशी न्यूरल क्रेस्टच्या, म्हणजे घडत्या मेंदूच्या काठावरून प्रवास करत आलेल्या. त्या कमी पडल्या, उंचवटे वेळेत भिडले नाहीत किंवा शिवण विरली नाही, की फट उरते. साधारण 700 जन्मांत एकदा असं घडतं. कारणांत जनुकं येतात, आईचं धूम्रपान येतं, अपस्माराची काही औषधं येतात (ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला). चंद्र येत नाही.

हे सगळं आठव्या आठवड्यापर्यंत उरकतं, टाळूची जुळणी बाराव्यापर्यंत. त्या मुलीच्या फ्रिजवर पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा फोटो लावलेला आहे, त्यात बाळाचा वरचा ओठ अखंड दिसतो. विळी मात्र त्या रात्री फडताळातच राहिली.