दात काढण्याआधीची गोळी : पार्श्वभूमी

हृदयाची झडप बदललेला पेशंट दात काढायला गेला की मुंबईतले डेंटिस्ट आधी फिजिशियनची चिठ्ठी मागतात. चिठ्ठीवर बहुधा अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, एकदाच.

दात उपटताना तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्तात उतरतात, हे इंग्लंडमध्ये १९३५ साली ब्लड कल्चरमधून (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) दाखवलं गेलं. ते झडपेवर बसले तर एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा संसर्ग, होऊ शकतो; गोळी त्यासाठी. पेनिसिलिन आलं आणि १९५५ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी प्रतिबंधक डोसची पहिली शिफारस केली. हा डोस कोणाला द्यायचा याची यादी पुढची पन्नासेक वर्षं बरीच लांब राहिली.

२००७ मध्ये अमेरिकेने ती कापली. कृत्रिम झडप, आधी एंडोकार्डायटिस होऊन गेलेला, हृदयाचे काही जन्मजात दोष, हृदय प्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेली, एवढेच उरले. कारण पटण्यासारखं होतं: रोज घासताना-चावताना रक्तात जाणारे जंतू वर्षभराचे धरले तर एका दात काढण्याला कितीतरी मागे टाकतात.

ब्रिटनने मात्र २००८ मध्ये टोक गाठलं. कृत्रिम झडप असली तरी गोळी नको! डोस उपयोगी पडतो याचा पुरावा नाही, हा त्यांचा मुद्दा. पण पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही असं होत नाही, आणि ज्याची झडपच कृत्रिम आहे त्याच्यावर हा प्रयोग कशाला? चिठ्ठ्या झपाट्याने घटल्या. २०१५ च्या एका विश्लेषणात २००८ नंतर एंडोकार्डायटिसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा वाढलेले दिसले. कारण तेच, हे त्यातून सिद्ध झालं नाही. तरी २०१६ मध्ये मनाई ‘सरसकट नको’ इतकी सैल झाली. युरोपने जोखमीच्या पेशंटचा डोस कधी सोडलाच नव्हता.

आपल्याकडे गुंता वेगळाच. ऱ्हुमॅटिक झडपेचे (घशाच्या संसर्गानंतरच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप बिघडलेले) पेशंट भरपूर, आणि दर एकवीस दिवसांनी घेतलं जाणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन हेच दातांसाठीचं संरक्षण, असा समज घट्ट. ते इंजेक्शन खरं तर घशाच्या संसर्गातून ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा उलटू नये म्हणून असतं. झडप स्वतःचीच असेल तर २००७ च्या यादीत हे लोक बसत नाहीत. बदललेली असेल आणि पेनिसिलिन आधीच चालू असेल, तर दातासाठी दुसऱ्या गटातलं औषध द्यावं लागतं. त्यासाठी क्लिंडामायसिन चालायचं. तीव्र जुलाबाच्या धोक्यामुळे २०२१ मध्ये अमेरिकेने तेही वगळलं. जुन्या चिठ्ठीवर ते नाव असेल तर चिठ्ठी नवीन करून घ्यावी.