ड्राफ्ट हुकला म्हणजे एनएचएल संपली? खुलासा

ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, नाव आलं नाही तर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगची दारं बंद, आइस हॉकीत हा समज फार जुना आहे, आणि चुकीचा. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत 32 संघ मिळून 224 जणच निवडतात. बचावपटू तर उशिरा तयार होतात. ड्राफ्टची वयोमर्यादा उलटली की न निवडलेला खेळाडू कुठल्याही संघाशी करार करू शकतो.

बचावपटू मार्क जिओर्डानोला 2004 मध्ये एनएचएलच्या कॅल्गरी फ्लेम्सने असंच घेतलं. तो आधी एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये, लोवेलच्या संघाकडून खेळला, मग ओमाहाच्या. खरी मेख टू-वे करारात असते: खालच्या लीगमध्ये पाठवलं की पगार थेट घसरतो. तसा करार नाकारून जिओर्डानो 2007 मध्ये रशियातल्या डायनॅमो मॉस्को संघाकडे गेला, मोठं धाडसच. 2008 मध्ये वन-वे करारावर (खालच्या लीगमध्ये पाठवलं तरी पगार तोच) फ्लेम्सकडे परतला, 2013 मध्ये कर्णधार झाला. 2018-19 च्या हंगामात 78 सामन्यांत 74 गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) मिळवून त्याने सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी जिंकली.