ई-कॅड्हेरिन आणि जठराच्या कर्करोगाचा प्रसार

ई-कॅड्हेरिन हे जठराच्या अस्तरातील पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे प्रथिन आहे. ते घडवण्याची माहिती १६व्या गुणसूत्रावरील सीडीएच१ या जनुकात असते. हे प्रथिन घटले किंवा बिघडले, की पेशींची पकड सुटते. म्हणूनच जठराच्या कर्करोगाचा प्रसार अभ्यासताना ज्या रेणवीय दर्शकांकडे (मार्कर) पाहिले जाते, त्यांत याचा क्रम बराच वरचा लागतो.

कॅड्हेरिनांचा शोध मासातोशी ताकेइची या जपानी शास्त्रज्ञाने लावला. कॅल्शियम असेल तरच पेशी एकमेकींना धरून राहतात, या निरीक्षणातून तो लागला. ई-कॅड्हेरिनचा रेणू पेशीच्या आवरणातून आरपार गेलेला असतो. बाहेरचे टोक शेजारच्या पेशीच्या तशाच रेणूला धरते, तर आतले टोक कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेले असते. बाहेरची पकड सैल झाली की आतला सांगाडाही हलतो आणि पेशी सरकायला मोकळी होते.

फिनलंडचे पेक्का लॉरेन यांनी १९६५ मध्ये जठराच्या कर्करोगाचे आंत्रसदृश (आतड्याच्या अस्तरासारखा) आणि विसरित (विखुरलेला) असे दोन मुख्य प्रकार मांडले. पहिल्यात पेशी ग्रंथींसारखे आकार धरून एकत्र वाढतात. दुसऱ्यात त्या एकेकट्या किंवा चारदोनच्या घोळक्याने जठराच्या भिंतीत शिरतात. ई-कॅड्हेरिनचा लोप प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारात दिसतो. बायोप्सीच्या तुकड्यावर ई-कॅड्हेरिनचे रंजन केले, म्हणजे ते प्रथिन रंगवून दिसेल असे केले, तर निरोगी ग्रंथींमध्ये प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते. सगळे मिळून मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. शेजारीच विखुरलेल्या कर्कपेशींभोवती ही रेघ तुटक असते किंवा नसतेच. यांतल्या अनेक पेशींत श्लेष्मा साठून केंद्रक कडेला ढकललेले असते. खड्याच्या अंगठीसारख्या या रूपामुळे त्यांना मुद्रिका पेशी म्हणतात. रिपोर्टवर ‘सिग्नेट रिंग सेल’ असे लिहिलेले असते ते हेच. भिंतभर पसरलेल्या रोगाने जठर कडक होऊन चामड्याच्या बुधल्यासारखे होते, आणि वरचे अस्तर शाबूत असल्याने दुर्बिणीच्या तपासणीतही हा रोग कधीकधी निसटतो.

प्रसाराच्या वाटाही वेगळ्या पडतात. आंत्रसदृश प्रकाराचा रक्तावाटे यकृताकडे जाण्याचा कल जास्त, तर विसरित प्रकार उदरपटलावर (पोटाच्या पोकळीच्या आतल्या आवरणावर) सांडतो, पोटात पाणी होते, आणि स्त्रियांमध्ये तो अंडाशयांतही रुजतो.

सीडीएच१ निकामी होण्याची कारणे अनेक आहेत. जनुकात उत्परिवर्तन होते, किंवा जनुक धड असूनही त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट बसून ते गप्प होते. स्नेल, ट्विस्ट यांसारखी नियंत्रक प्रथिनेही ते दाबून टाकतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू तर एचटीआरए नावाच्या विकराने ई-कॅड्हेरिनचे बाहेरचे टोकच कापतो.

आनुवंशिक पुरावा न्यूझीलंडमधून आला. तेथील मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजातील एका मोठ्या घराण्यात माणसे ऐन तारुण्यात जठराच्या कर्करोगाने दगावत होती. शास्त्रज्ञ पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी घराण्याच्या सहभागाने शोध घेतला, तेव्हा सीडीएच१मध्ये जन्मजात दोष सापडला. निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. असा दोष असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतील) कर्करोगाचाही धोका असतो. ज्यांच्यात हा जनुकीय दोष सापडतो त्यांना रोग दिसण्याआधीच संपूर्ण जठर काढण्याचा सल्ला दिला जातो. ऐकायला हे टोकाचे वाटते. पण वरून निरोगी दिसणाऱ्या अशा जठरांची बारीक तपासणी केली, की मुद्रिका पेशींची सूक्ष्म बेटे बहुतेक वेळा सापडतात.

तरीही या दर्शकाचा अर्थ सरधोपटपणे लावता येत नाही. ई-कॅड्हेरिन बऱ्यापैकी टिकून असलेले आंत्रसदृश कर्करोगही दूर पसरतात. शिवाय सुटून गेलेल्या पेशी नव्या जागी वसाहत करताना काही वेळा हेच प्रथिन पुन्हा बनवू लागतात. तेव्हा मूळ गाठीवरचा एक रंग पाहून रुग्णाचे भवितव्य सांगणे उतावीळपणाचे ठरते.

उपचाराच्या दृष्टीनेही अडचण आहे. हर२ हे प्रथिन काही रुग्णांच्या कर्कपेशींवर जास्त असते, म्हणून त्याला गाठणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध २०१० पासून जठराच्या कर्करोगातही वापरात आले. ई-कॅड्हेरिनच्या बाबतीत मात्र नेमके प्रथिनच हरवलेले. औषधाने धरायचे कशाला? उपाय सापडला तो शेजारच्या रेणूत. क्लॉडिन १८.२ हे जठरपेशींच्या सांध्यांत दडलेले प्रथिन आहे. कर्करोगात पेशींची मांडणी विस्कटली, की ते उघडे पडते आणि प्रतिपिंडाच्या हाती लागते. त्यावरचे झोल्बेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध २०२४ मध्ये प्रथम जपानमध्ये मंजूर झाले. निरोगी जठरातही क्लॉडिन असल्यामुळे या औषधाने मळमळ आणि उलट्यांचा त्रास बराच होतो, विशेषतः पहिल्या सलाइनच्या वेळी.