सिटी पॉप आणि फ्यूचर फंक: दुसरा अंतरा येतो का, ते ऐका

मामेभावाने गाडीत बसल्या बसल्या फोन जोडला. "दादा, सिटी पॉप लावतो, लाँग ड्राइव्हला याच्यासारखं काही नाही." जे लागलं ते सिटी पॉप, म्हणजे जपानचं जुनं शहरी संगीत, नव्हतं; ते फ्यूचर फंक होतं, जुन्या गाण्यांचे तुकडे वेग वाढवून जुळवलेलं. मारिया ताकेउची या जपानी गायिकेच्या ‘प्लास्टिक लव्ह’चा एक तुकडा वेग वाढवून, खाली जाड ठोका घालून फिरवत ठेवला होता. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "मारिया ताकेउचीचा आवाज किती लहान मुलीसारखा आहे ना?"

नाही. तिचा आवाज खालच्या सुरांत रमणारा, जाणत्या बाईचा आवाज आहे. त्या आवाजाबद्दल असा गैरसमज घेऊन कोणी फिरत असलं की मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

फ्यूचर फंक तुम्ही भरपूर ऐकलंय. रील्सवर रात्रीचं शहर आणि डोळे मिटलेली ॲनिमेतली, म्हणजे जपानी कार्टूनमधली, मुलगी दिसते, तेव्हा मागे बहुतेकदा हेच वाजत असतं. साधारण २०१२ नंतर इंटरनेटवर ही शैली वाढली. ते करणाऱ्यांपैकी मॅक्रॉस ८२-९९ मेक्सिकोचा, यंग बे अमेरिकेचा, नाइट टेम्पो कोरियाचा. म्हणजे ‘जपानी गाणी’ म्हणून आपण जे लावतो, त्यातलं बरंचसं जपानबाहेर जुळवलेलं आहे.

सिटी पॉप म्हणजे १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध ते १९८० च्या दशकाची अखेर, एवढ्या काळातलं जपानी शहरी संगीत. अमेरिकन सोल आणि फंक पचवलेले संगीतकार, स्टुडिओत खऱ्या माणसांनी वाजवलेली वाद्यं आणि ऐकणाऱ्यांच्या हातात पैसा. १९७९ च्या जुलैमध्ये सोनीचा वॉकमन आला, गाड्यांमध्ये कॅसेट डेक आले आणि गाणी घराबाहेर पडली. १९८० साली गायक तात्सुरो यामाशिता यांचं ‘राइड ऑन टाइम’ गाजलं तेच मुळी कोऱ्या कॅसेटच्या जाहिरातीतून.

सन, देश, चित्रं हे फरक किरकोळ आहेत. तरी चित्रांबद्दल एक सांगतोच. ज्या ॲनिमेची दृश्यं या मिक्सवर असतात, त्यातलं ‘सेलर मून’ टीव्हीवर आलं १९९२ मध्ये, तोवर सिटी पॉपचा बहर सरला होता. या संगीताची स्वतःची चित्रं आहेत हिरोशी नागाई आणि एइजिन सुझुकी यांची. निळं पाणी, पोहण्याचा तलाव, माडाची झाडं, मोटारी, लख्ख ऊन. ॲनिमेची दृश्यं त्यावर नंतर चिकटवली गेली.

खरी गल्लत वेगळीच आहे. लोकांना वाटतं की फ्यूचर फंक म्हणजे तेच गाणं, फक्त नाचायला सोपं केलेलं. तसं नाही. आपल्याकडे गाण्याला मुखडा असतो, मग अंतरा, परत मुखडा, मग दुसरा अंतरा. जपानी गाण्यातही ही चाल आहे, आणि गोष्ट बहुधा दुसऱ्या अंतऱ्यात उलटते. फ्यूचर फंक करणारा मुखड्यातल्या दोन-चार ओळी उचलतो आणि त्यांचंच चक्र करतो. दुसरा अंतरा येतच नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण गाडीचंच आहे. युमी आराई, लग्नानंतरच्या युमी मात्सुतोया, यांचं १९७६ चं ‘चुओ फ्रीवे’. टोकियोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या चुओ महामार्गावर ती त्याच्या शेजारी बसली आहे. उजवीकडे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, डावीकडे बिअरचा कारखाना. ही ठिकाणं खरी आहेत, फुचू भागात तो रस्ता आजही त्यांच्या मधून जातो. रस्ता विमानाच्या धावपट्टीसारखा वाटतोय, थेट रात्रीच्या आकाशात शिरणारा. हा तुकडा इतका सुंदर आहे की तेवढाच कापून फिरवत ठेवावा असा मोह कोणालाही होईल. पण दुसऱ्या अंतऱ्यात ती म्हणते की ओळख नवी होती तेव्हा आपण रोज गाडीतून फिरायचो, हल्ली तू जरा तुटक वागतोस, घरी सोडायलासुद्धा येत नाहीस. मग पुन्हा तीच धावपट्टी, तेच आकाश. शब्द तेच असतात, पण आता ऐकताना छातीत काहीतरी हलतं. तुकडा फिरवत राहिलात तर ही बाई तुम्हाला कायम आनंदीच वाटेल.

‘प्लास्टिक लव्ह’चंही तेच. १९८४ च्या ‘व्हरायटी’ अल्बममधलं हे गाणं जवळपास पाच मिनिटांचं आहे. एकदा पोळलेली बाई ठरवते की आता प्रेम म्हणजे फक्त खेळ, आणि ती पोकळी गाणं हळूहळू उघडी करत नेतं. २०१७ मध्ये कोणीतरी यूट्यूबवर चढवलं तेव्हा ते जगभर पोचलं. त्यासोबतचा हसरा फोटोही या गाण्याचा नाही, १९८० च्या ताकेउचीच्या दुसऱ्याच एका रेकॉर्डचा आहे. गाणं मात्र पूर्ण होतं, म्हणूनच ते लोकांना लागलं असं मला वाटतं.

आता आवाजाकडे. पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल. रेकॉर्डिंगचा वेग साधारण सहा टक्के वाढवला की काळी एकचं गाणं पांढरी दोनला जातं, बारा टक्के वाढवला की काळी दोनला. आज वेग आणि पट्टी वेगवेगळी ठेवता येते, पण फ्यूचर फंकमध्ये दोन्ही मुद्दाम एकत्र चढवतात. त्याने गळा लहान होतो आणि शब्दांची वजनं उडतात. दोन ओळींमधला श्वासही कापला जातो, आणि माझ्या मते गाणारीचं वय कळतं ते तिथेच. ताकेउचीचं मूळ गाणं लावून पहिली ओळ संपल्यावर काय होतं तेवढं ऐका.

शिवाय प्रत्येक जाड ठोक्याला बाकीचं सगळं संगीत क्षणभर खाली दाबतात, त्यामुळे ते धापा टाकल्यासारखं वाटतं. घरी मजा येते. गाडीत मात्र इंजिनाची आणि टायरांची घरघर आधीच खालच्या पट्टीत चालू असते, त्यात तो ठोका मिसळतो आणि तासाभरात डोकं शिणतं. सिटी पॉपमध्ये बास गिटार हलत, बोलत जाते. यामाशितांच्या १९८२ च्या ‘फॉर यू’ अल्बममध्ये कोकी इतो यांची बास आणि जुन आओयामा यांचे ड्रम्स ऐका. ठेका पक्का असूनही एक माप दुसऱ्यासारखं वाजत नाही, आणि चारशे किलोमीटरला तीच गोष्ट सोबत देते.

नाइट टेम्पोने २०१९ पासून परवानगी घेऊन जुन्या गाण्यांची नवी रूपं काढली, ती मी आदराने ऐकतो. माझा राग त्या निनावी मिक्सवर आहे ज्यांवर मूळ गायिकेचं नावसुद्धा नसतं. आणि मोटारशर्यतीच्या ‘इनिशियल डी’ या ॲनिमेची गाणी जपानी पॉप म्हणून यादीत घालणाऱ्यांवर. ती युरोबीट आहेत, म्हणजे वेगवान नाचाची, इटलीत केलेली, शब्द इंग्रजी. घाटात चढवायला झकास, पण जपानी नव्हेत.

माझा क्रम असा. सकाळी निघताना ‘फॉर यू’ मधलं ‘स्पार्कल’. सुरुवातीला एकटी गिटार चमकते, तेव्हा गाव मागे पडत असावं. दुपारी एइइची ओताकींचा १९८१ चा ‘अ लाँग व्हेकेशन’ हा अल्बम पूर्ण, शफल बंद ठेवून. संध्याकाळी मिकी मात्सुबाराचं १९७९ चं ‘मायोनाका नो दोआ’. तेही २०२० मध्ये जगभर तुकड्यातुकड्यांनी पसरलं, आणि मात्सुबारा तर २००४ मध्येच वारली होती. शेवटी गिटार वाजत वाजत गाणं विरतं, तोवर पुढचं लावू नका. अंधार पडल्यावर ‘चुओ फ्रीवे’.

यामाशितांनी २०२२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की आपली गाणी बहुधा मरेपर्यंत स्ट्रीमिंगवर देणार नाही. त्यामुळे ‘स्पार्कल’ शोधताना हाताला आधी कुठलातरी वेग वाढवलेला तुकडा लागेल. तो लावू नका. सीडी मागवा, थोडे दिवस थांबावं लागलं तरी चालेल.