मिंडानाओ ते मारिकिना: 1911 पिस्तुलाची मागची गोष्ट

माझ्याकडच्या 1911 पिस्तुलावर बारीक अक्षरांत ‘फिलिपिन्स’ असं कोरलेलं आहे. घेतलं तेव्हा तिकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. अमेरिकेच्या जुन्या लष्करी पिस्तुलाची ही नक्कल, मनिलाला लागून असलेल्या मारिकिना शहरात आर्म्सकोर कंपनीनं बनवलेली. इथं अमेरिकेत ती ‘रॉक आयलंड आर्मरी’ या नावानं विकली जाते. पुढे या पिस्तुलाचा इतिहास वाचत गेलो आणि ते एक नाव नजरेला टोचायला लागलं. कारण हे पिस्तूल मुळात जन्माला आलं तेच फिलिपिन्समधल्या लढाईमुळे.

1898 मध्ये स्पेनला हरवून अमेरिकेनं फिलिपिन्स ताब्यात घेतला. तिथल्या लोकांना मालक बदलायचा नव्हता, स्वातंत्र्य हवं होतं. 1899 मध्ये युद्ध पेटलं. दक्षिणेला मिंडानाओ आणि सुलू बेटांवरचे मोरो मुसलमान तर 1913 पर्यंत लढत राहिले. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कमरेला तेव्हा .38 कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, इथं साधारण इंचात) रिव्हॉल्व्हर असे. तीन-चार गोळ्या लागूनही मोरो लढवय्या हातातली तलवार घेऊन अंगावर येतोच, अशा तक्रारी वॉशिंग्टनला जाऊ लागल्या. माळ्यावर टाकलेली जुनी .45 ची रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाहेर काढावी लागली.

अमेरिकेत ही गोष्ट नेहमी त्या अधिकाऱ्याच्या बाजूनं सांगितली जाते. मला ती तशी सांगवत नाही. समोरचा माणूस स्वतःच्या बेटावर, स्वतःच्या घरासाठी लढत होता. 1906 मध्ये होलो बेटावरच्या बुद दाहो डोंगराच्या विवरात शेकडो मोरो मारले गेले, त्यांत बायका आणि लहान मुलंही होती. पिस्तुलावर प्रेम असलं तरी हा भाग गाळून त्याचा इतिहास सांगता येत नाही.

लष्करानं 1904 मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांना वेगवेगळ्या गोळ्यांची परीक्षा घ्यायला सांगितलं. ती परीक्षा शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुराढोरांवर आणि शिवाय मानवी प्रेतांवर झाली. आज वाचतानाही अंगावर काटा येतो, आणि शास्त्रीय म्हणून तिची किंमत फारशी नाही. पण निष्कर्ष ठरला: लष्करी पिस्तूल .45 पेक्षा कमी कॅलिबरचं नको.

त्यासाठी पिस्तूल घडवलं जॉन मोझेस ब्राउनिंगनं. युटातल्या ऑग्डन गावच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा हा मुलगा. त्याची रचना कोल्ट कंपनीच्या कारखान्यात उभी राहिली. शेवटच्या चाचणीत 6,000 गोळ्या झाडल्या गेल्या, पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही. 29 मार्च 1911 रोजी लष्करानं ते स्वीकारलं, म्हणून नाव 1911. मात्र ते मोरोंच्या मुलखात पोचेपर्यंत तिथली लढाई आटोपत आली होती. ‘याच पिस्तुलानं मोरो हटवले’ ही नेमबाजीच्या रेंजवर ऐकायला मिळणारी कथा खरी नाही.

आतली करामत समजून घेण्यासारखी आहे. गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दोघी मिळून जराशा मागे येतात. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडलेली असते. मग नळीखालची एक छोटी कडी नळीचं मागचं टोक खाली ओढते, अडकण सुटते, स्लाइड एकटी मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि परतताना नवं आत ढकलते. सगळ्या पिस्तुलात स्क्रू फक्त मुठीच्या फळ्यांना. बाकी सगळं एकमेकांत गुंतवून बसवलेलं. मुठीचे ते स्क्रू सोडले तर ते जवळजवळ अवजाराशिवाय सुटं करता येतं.

पहिल्या महायुद्धानंतर, 1920 च्या दशकात, त्यात थोडे बदल झाले. चाप आखूड केला, घोड्याखालचं शेपूट लांबवलं, मुठीचा मागचा भाग फुगीर केला. हे झालं 1911 ए1. दुसऱ्या महायुद्धात कोल्ट एकटी पुरी पडेना, म्हणून भलत्याच कारखान्यांना कामाला लावलं. टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडनं सगळ्यात जास्त पिस्तुलं बनवली. रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल होती. शिवणयंत्रवाल्या सिंगरनं फक्त 500 बनवली. ती आज सापडली तर लिलावात घराच्या किमतीला जातात. या काळात सुमारे 19 लाख पिस्तुलं तयार झाली. एका कारखान्याची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसलीच पाहिजे अशी अट होती. नकलांचा पाया या अटीनं घातला, असं माझं मत आहे. मापं पक्की झाली, ती सगळ्यांना ठाऊक झाली, आणि ब्राउनिंगच्या 1911 च्या पेटंटची 17 वर्षं तर 1928 मध्येच संपली होती. ज्याच्याकडे यंत्रं आणि चांगलं पोलाद, त्याला हे पिस्तूल बनवायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

1945 नंतर लष्करानं नवी पिस्तुलं घेतलीच नाहीत. जुनीच दुरुस्त करत 1985 पर्यंत चालवली आणि मग 9 मिमीचं बेरेटा आलं. जुन्या पिस्तुलांची किंमत वाढत गेली. 2018 मध्ये सरकारी साठ्यातली काही पिस्तुलं नागरिकांना द्यायला सुरुवात झाली, तीसुद्धा चिठ्ठ्या टाकून आणि 850 ते 1,050 डॉलरला. शिवाय अस्सल जुनं पिस्तूल झाडणं शहाणपणाचंही नाही. पहिल्या महायुद्धातल्या स्लाइडना आजच्यासारखं पाणी देऊन कठीण केलेलं नव्हतं, त्यांना तडा जाऊ शकतो. गेलेली वस्तू परत येत नाही.

ही जागा नकलांनी भरली. 1985 मध्ये इलिनॉयच्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या खासगी कंपनीनं ब्राझीलमध्ये बनलेले भाग वापरून लष्करी धाटणीचं 1911 आणलं. पाठोपाठ चीनच्या नोरिन्कोचं आलं, स्वस्त, दिसायला ओबडधोबड, पण पोलाद इतकं चिवट की अमेरिकन कारागीर मुद्दाम तेच घेऊन त्यावर महागडं काम करत. 1994 मध्ये चिनी बंदुकांच्या आयातीवर बंदी आली आणि ते बंद झालं.

मग आली मारिकिनाची पाळी. आर्म्सकोरचं मूळ 1905 मध्ये मनिलात सुरू झालेल्या स्क्वायर्स बिंगहॅम या दुकानात आहे. पुढे ते दुकान तुआसोन या फिलिपिनो कुटुंबाकडे गेलं. त्यांच्या पिस्तुलाची फ्रेम ओतीव पोलादाची, रंग काळपट, बिनचमकेचा, मूठ साध्या लाकडाची. किंमत कोल्टच्या निम्म्याच्या आसपास. ओतीव म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. माझ्या पिस्तुलातून हजारो गोळ्या गेल्या आहेत, फ्रेमला काही झालेलं नाही. अलीकडे तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठच्या ट्रॅब्झॉन शहरातली तिसाश कंपनीही याच किमतीत घडीव फ्रेमचं पिस्तूल देते. त्याला तपकिरी प्लॅस्टिकची मूठ आणि मुठीखाली दोरी बांधायची कडी आहे, अगदी 1943 च्या पिस्तुलासारखी.

हातात घेतलं की पहिलं जाणवतं ते वजन, रिकामं असताना किलोच्या वर. नेम धरायची पुढची माशी इतकी बुटकी की संध्याकाळच्या उजेडात शोधावी लागते. गोळी जवळपास 15 ग्रॅमची, पण वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास, म्हणून धक्का कडक बसत नाही, ढकलल्यासारखा बसतो. सोडवताना नळीच्या तोंडाशी असलेली बुशिंग, म्हणजे कडं, फिरवायची आणि स्प्रिंगवरचं टोपण अंगठ्यानं दाबून धरायचं. अंगठा निसटला तर टोपण खोलीच्या पलीकडे जातं. जोडताना स्लाइड अडवून धरणाऱ्या खटक्याची (स्लाइड स्टॉपची) पिन घाईत सरकवली तर फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा उठतो. माझ्या पिस्तुलावर तो पहिल्याच आठवड्यात उठला. अस्सल पिस्तुलावर उठला असता तर रात्रभर झोप लागली नसती.

भारतात .45 आणि 9 मिमीची पिस्तुलं साध्या परवान्यावर मिळत नाहीत. पण नकलेची गोष्ट तिथंही आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर हे ब्रिटिश लष्कराच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्याच घराण्यातलं, तसंच मधून मोडून उघडणारं. परवानाधारकांच्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. माझे काका नाशिकला त्यांच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं दिवाळीत पुसायला काढत, तेव्हा ती अक्षरं मी बोटानं चाचपली होती.

आमच्या रेंजवर सत्तरीचे एक गृहस्थ येतात. त्यांच्या वडिलांनी युद्धातून आणलेलं रेमिंग्टन रँड त्यांच्या कपाटात आहे. वर्षातून एकदा ते तेल लावायला बाहेर काढतात. दर शनिवारी ते झाडतात मात्र ट्रॅब्झॉनहून आलेलं. परवा त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून मला दाखवली. डोळे मिटून आधी एक, मग दुसरं हातात घेतलं, तर कुठलं कुठलं ते मला सांगता आलं नाही.