करारातून गोंदात, गोंदातून सॉफ्टवेअरमध्ये: दुरुस्तीच्या हक्काची पार्श्वभूमी

फोनची बॅटरी स्वतः बदलता का येऊ नये, असा विषय निघाला की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक मत असं की फोन पातळ हवा, पाण्यात टिकणारा हवा, तर तो चिकटवल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरं असं की कंपन्या वस्तू मुद्दामच लवकर मरेल अशी बनवतात. दोन्हींत थोडंथोडं तथ्य आहे, पण दोन्ही मतं तंत्रज्ञानापाशीच थांबतात. ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून जो वाद ओळखला जातो, तो खरं तर जुना आहे: यंत्र ग्राहकाकडे गेल्यावर त्यावर ताबा कुणाचा? हा ताबा राखण्याच्या जागा बदलत गेल्या. आधी तो भाडेकरारात होता, मग स्क्रूमध्ये आणि गोंदात आला, आता तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो सैल झाला तेव्हा बहुतेक वेळा कोर्टामुळे किंवा कायद्यामुळे झाला.

आयबीएम ही अमेरिकी कंपनी आपली पंचकार्ड यंत्रं, म्हणजे कागदी कार्डांवरच्या छिद्रांवरून हिशेब करणारी यंत्रं, विकत नसे, भाड्याने देत असे. करारात अट होती की कार्डंही आयबीएमचीच वापरायची. कंपनीचं म्हणणं असं, की कार्डाची जाडी किंवा आकार किंचितही चुकला, कागदात कार्बनचा कण राहिला, तर विजेचा संपर्क भलतीकडेच होईल, हिशेब चुकतील आणि बदनामी यंत्राची होईल. १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. कार्ड कसं असावं याची मोजमापं कंपनीने जरूर सांगावीत, पण ती मोजमापं पाळणारं दुसऱ्याचं कार्ड अडवता येणार नाही, असा निकाल दिला. सरकारी कार्यालयं स्वतः छापलेली कार्डं त्याच यंत्रांत वापरत होती, त्यामुळे ‘दुसऱ्याच्या कार्डाने यंत्र बिघडतं’ हा दावा टिकणं अवघडच होतं. पुढे प्रिंटरची शाई आणि फोनची बॅटरी यांच्या बाबतीत हाच युक्तिवाद जवळपास त्याच शब्दांत आला, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जानेवारी १९५६ चा आदेश याहून मोठा होता. सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार आयबीएमला यंत्रं भाड्याबरोबर विकायलाही लावलं गेलं. सुटे भाग आणि देखभालीची माहिती यंत्राच्या मालकांना आणि बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना वाजवी दरात द्यायची, हेही त्यात आलं. संगणकांची देखभाल करणारा स्वतंत्र धंदा या आदेशाच्या आधाराने वाढला. घरगुती संगणक आले तेव्हा मोकळेपणाची ही रीत अंगवळणी पडलेली होती. ॲपल टूच्या १९७८ च्या संदर्भ पुस्तिकेत सर्किटचा नकाशा होता. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेत नकाशांबरोबर बायोसचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, पूर्ण कोडही छापलेला होता. १९९२ मध्ये, कॉपी यंत्रंही बनवणाऱ्या कोडॅकच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली. कॉपी यंत्रांच्या बाजारात स्पर्धा असली, तरी एकदा यंत्र घेतलेला ग्राहक सुट्या भागांसाठी त्याच कंपनीच्या तावडीत असू शकतो, आणि ती मक्तेदारी बेकायदा ठरू शकते.

म्हणजे १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वारं दुरुस्तीच्या बाजूने होतं. ते फिरलं १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने. चित्रपट आणि गाण्यांच्या चोरट्या प्रती रोखायला आणलेला हा कायदा. त्याच्या कलम १२०१ ने डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला, आत काय आहे याची पर्वा न करता. आणि कुलूप तर कशालाही लावता येतं. लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने टोनरच्या, म्हणजे शाईच्या भुकटीच्या, डब्यांवर चिप बसवली आणि तशीच चिप बनवणाऱ्या कंपनीला याच कायद्याखाली कोर्टात खेचलं. २००४ मध्ये अपील न्यायालयात लेक्समार्क हरली. २०१७ मध्ये, पुन्हा भरून विकलेल्या टोनरच्या वेगळ्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा अधिकार संपतो. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने २०१५ मध्ये अमेरिकी कॉपीराइट कार्यालयापुढे भूमिका घेतली की शेतकऱ्याला आतल्या सॉफ्टवेअरचा फक्त वापराचा परवाना मिळतो, तोही वाहनाच्या आयुष्यापुरता.

कलम १२०१ मधून दर तीन वर्षांनी सवलती जाहीर होतात, आणि फोन, ट्रॅक्टर, गाड्या यांच्या दुरुस्तीला त्या मिळालेल्याही आहेत. पण मेख अशी, की सवलत फक्त कुलूप तोडण्याच्या कृतीला आहे. त्यासाठी लागणारं साधन बनवून विकायला नाही. ज्याला स्वतःचं साधन स्वतः लिहिता येतं त्याचंच भलं झालं. बाकीच्यांना सवलत मिळूनही ती वापरता येत नाही.

आता फोनकडे. २०१०-११ च्या सुमारास ॲपलच्या यंत्रांवर पाच पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू दिसू लागला. त्याचा पेचकस तेव्हा सहज मिळत नव्हता. पण स्क्रू हे कच्चं कुलूप, थोड्याच दिवसांत स्वस्त पेचकस सगळीकडे झाले. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी केसला चिकटवलेली होती आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली होती. गोंदाचं कुलूप स्क्रूपेक्षा पक्कं, कारण ते काढताना वस्तूच धोक्यात येते.

हे का महत्त्वाचं, ते बॅटरीच्या स्वभावावरून कळतं. लिथियम-आयन सेल जुना होतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. साठा कमी होतो, आणि विजेला होणारा आतला रोध वाढतो. पहिली सगळ्यांना माहीत असते, त्रास मात्र दुसरी जास्त देते. समजा सेल ३.७ व्होल्टवर आहे आणि कॅमेरा उघडताच फोनने क्षणभर ३ अँपिअर ओढले. नव्या सेलचा रोध ०.१ ओहम धरला तर विजेचा दाब ०.३ व्होल्टने पडतो, ३.४ उरतात, फोन चालू राहतो. जुन्या सेलचा रोध ०.२५ ओहम झाला असेल तर पाऊण व्होल्ट पडतो, २.९५ उरतात, तेवढे फोनला पुरत नाहीत, आणि टक्के तीस-चाळीस दिसत असतानाच फोन बंद पडतो. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून हिवाळ्यात हे जास्त होतं.

ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आयफोनसाठी आयओएस १०.२.१ हे सॉफ्टवेअर अपडेट देऊन यावर उपाय केला: बॅटरी जुनी असेल तर प्रोसेसरचा वेग आवरायचा. तांत्रिकदृष्ट्या उपाय बरोबर होता. चूक होती ती ग्राहकाला न सांगण्याची. फोन मंद झाला म्हणून लोक नवा फोन घेत होते, आणि तो नवी बॅटरी टाकून पूर्ववत होतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये हे उघड झालं. कंपनीने माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला, अमेरिकेत ग्राहकांच्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. ‘कंपन्या फोन मुद्दाम मंद करतात’ हे सर्वत्र रुजलेलं मत या प्रकरणाने पक्कं केलं. त्यातलं ‘मंद करतात’ खरं होतं. ‘मुद्दाम’ हा शब्द मात्र बंद पडणारा फोन वाचवण्याला लागू होत नाही, माहिती दडवण्याला नक्की होतो.

बॅटरी बदलणं प्रत्यक्षात कसं असतं? चिकटवलेल्या आयफोनचंच घ्या. आधी चार्ज २५ टक्क्यांखाली आणायचा, कारण भरलेला सेल टोचला गेला तर पेट घेण्याचा धोका जास्त. फोन बंद करून चार्जिंग पोर्टजवळचे दोन पेंटालोब काढायचे. कडेला ऊब देऊन गोंद नरम करायचा, सक्शन कपने फट पाडायची आणि प्लास्टिकची पात काही मिलिमीटरच आत घालायची. जास्त खोल गेली तर डिस्प्लेची फ्लेक्स केबल कापली जाते. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मगच बाकीचे. स्क्रू ज्या जागेचे त्याच जागी जायला हवेत. लांबीतला फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो, पण लांब स्क्रू आखूड जागेत घट्ट केला तर तो बोर्डाच्या आतले तार-मार्ग तोडतो आणि चांगला फोन कायमचा जातो. बॅटरीखालच्या ताणून निघणाऱ्या पट्ट्या जमेल तितक्या आडव्या धरून सावकाश ओढायच्या. तुटली तर ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल कडेने सोडून थांबायचं. धातूच्या पात्याने उचकटायचं नाही, वाकलेला सेल परत वापरायचा नाही. शेवटी कडेची चिकट पट्टी नवी लावली नाही तर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं म्हणून समजा. काम नाजूक आहे, पण सराव असलेल्या माणसाला सहज जमणारं आहे.

इथून पुढची अडचण हातांनी सुटणारी नाही. २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये बोटाच्या ठशाचा सेन्सर त्याच फोनच्या सुरक्षा चिपशी जोडलेला होता. पुढे, हा सेन्सर असलेलं होम बटण कंपनीबाहेर बदललेले फोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून पूर्ण बंद पडू लागले. ॲपलने २०१६ मध्ये दुरुस्तीचं अपडेट दिलं, पण ऑस्ट्रेलियात २०१८ साली ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड भरावा लागलाच. ठशाच्या सेन्सरसाठी सुरक्षेचं कारण खरं आहे. दुसऱ्याचा सेन्सर बसवून फोन उघडता येता कामा नये. तेच कारण बॅटरीला लावणं मात्र पटत नाही. २०१८ च्या मॉडेलांपासून, अस्सल बॅटरी जरी बसवली तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने ती जुळवून घेईपर्यंत फोन ती ओळखत नसे आणि बॅटरीचं आरोग्य दाखवत नसे. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये डिस्प्ले बदलला की चेहरा ओळखणारं फेस आयडी बंद पडत असे, टीका झाल्यावर ते अपडेटने सोडवलं गेलं. यावर कारागिरांनी काढलेली वाट म्हणजे फोन ज्यावरून बॅटरी ओळखतो तो जुन्या बॅटरीचा छोटा बोर्ड काढून नव्या सेलवर स्पॉट वेल्डिंगने जोडणं. त्यात वेल्डिंगची उष्णता सेलजवळ जाते, आणि जुना बोर्ड चार्जिंगच्या फेऱ्यांची जुनी मोजणी लक्षात ठेवतो म्हणून ती वेगळ्या यंत्राने दुरुस्त करावी लागते. सुरक्षेसाठी लावलेल्या कुलपाने जास्त धोक्याची पद्धत रूढ केली.

राजकारणात दुरुस्तीच्या हक्काचा विषय डाव्या-उजव्या रकान्यात बसत नाही. अमेरिकेत शेतकरी, व्हीलचेअर वापरणारे, मोटार मेकॅनिक आणि मोबाइल दुरुस्त करणारे एकाच बाजूला आले. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीचा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर केला आणि गाडी उत्पादकांनी २०१४ मध्ये देशभरासाठी तशीच तडजोड मान्य केली. दुरुस्तीचे कायदे करताना कोलोरॅडोने २०२२ मध्ये व्हीलचेअर, २०२३ मध्ये शेतीची अवजारं, २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तू असा क्रम घेतला. न्यूयॉर्कचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये सही होताना पातळ झाला. १ जुलै २०२३ नंतरचीच यंत्रं त्यात राहिली, आणि धोक्याचं कारण असेल तर सुट्या भागाऐवजी जोडलेला संच विकण्याची मुभा मिळाली. ही मुभा किरकोळ नाही. लॅपटॉपच्या बॅटरीसोबत कीबोर्डसह वरचं केस घ्यावं लागलं की दुरुस्ती परवडेनाशी होते.

कंपन्यांचं वागणंही कलम पाहून ठरतं. ॲपलने २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दुरुस्तीच्या कायद्याला पाठिंबा दिला. १०० डॉलर आणि त्यावरच्या वस्तूंचे भाग आणि माहिती सात वर्षं देण्याचं बंधन त्यात आहे, पण सॉफ्टवेअरने जुळवल्याशिवाय भाग नीट चालू नये, अशी रचना करण्यावर बंदी नाही. ती बंदी ओरेगॉनच्या विधेयकात होती, आणि तिथे ॲपलने विरोध केला, गूगलने मात्र पाठिंबा दिला. मार्च २०२४ मध्ये त्याचा कायदा झाला. ही बंदी १ जानेवारी २०२५ नंतर बनलेल्या यंत्रांनाच लागू आहे.

युरोपने वाट वेगळी घेतली: हक्क देण्याऐवजी वस्तू कशी बनवायची हेच ठरवलं. २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी चार्जिंगच्या ८०० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के साठा टिकवणारी हवी, आणि ठरावीक सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं मिळायला हवेत. बॅटरी घरी बदलता यावी अशी अपेक्षा आहे, पण पळवाटही आहे. बॅटरी ५०० फेऱ्यांनंतर ८३ टक्के आणि १००० नंतर ८० टक्के राहत असेल, आणि फोन धूळबंद व एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा असेल, तर ती सोय कारागिरापुरती ठेवता येते. महागडे फोन याच वाटेने जातील, असा माझा अंदाज आहे. इतर वस्तूंसाठी वेगळा बॅटरी नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होईल. त्यात ऊब किंवा द्रावक न वापरता बॅटरी निघाली पाहिजे, असं आहे.

चिकटवलेली बॅटरी सहज सुटत नाही, हे मतही आता जुनं झालं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयफोन १६ आणि १६ प्लसमध्ये बॅटरीखालचा गोंद विजेने सुटतो. ९ व्होल्टची साधी बॅटरी जोडली की सुमारे दीड मिनिटात पकड जाते. त्याच वर्षीच्या आयओएस १८ पासून अस्सल भाग, वापरलेलासुद्धा, फोनवरच जुळवता येतो. मात्र त्यासाठी फोन इंटरनेटवर असावा लागतो आणि जुळवणीची माहिती कंपनीच्या सर्व्हरवरून उतरते. युरोपच्या नियमात अशा जुळवणीच्या सॉफ्टवेअरची उपलब्धताही विक्री थांबल्यानंतर सात वर्षांसाठी बंधनकारक आहे. त्यानंतर तो सर्व्हर चालू ठेवायचा की बंद करायचा, हे कंपनीच ठरवणार.