सोलापुरात केअर सेंटरची तपासणी: कोणाकडे, कोणत्या कागदांसह, कसा अर्ज करायचा

आई-वडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवलंय आणि तिथं काही खटकतंय, तर बहुतेक जण आधी मॅनेजरशी भांडतात, मग पोलिस चौकी गाठतात आणि "हे आमच्याकडं येत नाही" ऐकून परततात. खरं तर अशा जागेची सरकारी तपासणी मागता येते आणि साध्या तक्रार अर्जाला पैसेही लागत नाहीत. गाडी अडते ती अर्ज चुकीच्या टेबलावर पडल्यामुळे.

जागा कशात मोडते ते आधी ठरवा

पाटीवर 'नर्सिंग केअर' असो, 'पेशंट केअर सेंटर' असो की 'वृद्धाश्रम', पाटी विसरा आणि आत काय चालतं ते बघा. नाकातली नळी, कॅथेटर (लघवीची नळी), सलाईन, पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग, ऑक्सिजन हे सगळं रोज होत असेल, तर ती जागा १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येते. डॉक्टर मंडळी त्याला अजून 'बॉम्बे नर्सिंग' म्हणतात. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसाला ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा दिली जाते ती प्रत्येक जागा या व्याख्येत बसते आणि नोंदणीशिवाय ती चालवता येत नाही. या कायद्याच्या कलम ९ नुसार आरोग्य अधिकाऱ्याला आत जाऊन तपासणी करता येते. नोंदणी नसलेल्या, पण शुश्रूषागृह म्हणून चालत असल्याचा सबळ संशय असलेल्या जागेतही त्याला जाता येतं. "आमचं रजिस्ट्रेशनच नाही, तर तपासणी कसली?" हा युक्तिवाद म्हणून चालत नाही.

फक्त राहणं, जेवण आणि देखरेख असेल तर तो वृद्धाश्रम. तिथं समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांकडे जायचं. संस्था ट्रस्ट असेल तर हिशेबाच्या तक्रारी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात.

अडचण अशी, की हल्ली बऱ्याच जागा दोन्ही कामं करतात. आरोग्य खात्याचा माणूस आला की "आम्ही वृद्धाश्रम आहोत", समाजकल्याणचा आला की "आम्ही मेडिकल सेंटर आहोत". अशा वेळी एकच अर्ज दोन्ही कार्यालयांना द्या आणि प्रत्येक प्रतीवर दुसऱ्याचं नाव 'प्रत माहितीसाठी' म्हणून लिहा. मग एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड जातं.

इंटरनेटवर २०१० च्या केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याचे तयार मसुदे फिरतात. तो कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे त्याची कलमं अर्जात टाकू नका.

हद्दीचा घोळ

जागा महापालिका हद्दीत असेल तर अर्ज सोलापूर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. हद्दीबाहेर असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांना, प्रत जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोडच्या टोकाला नवीन बंगल्यांत अशी सेंटर्स निघतात. पत्त्यात 'सोलापूर' असतं, जागा मात्र उत्तर किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत असू शकते. घरपट्टी कोण घेतं एवढं विचारलं की हद्द कळते.

अर्ज कोण करू शकतो

तिथं राहणारी व्यक्ती स्वतः, तिचे नातेवाईक, तिने अधिकार दिलेला माणूस, ज्येष्ठ नागरिक संघ, इतकंच काय शेजारीसुद्धा. वयाची अट नाही. पंचेचाळिशीतला पक्षाघाताचा रुग्ण असला तरी चालतं. निनावी अर्ज मात्र करू नका, तो बहुधा फाईलला लागून पडतो. "आपलं माणूस त्यांच्या हातात आहे, त्रास दिला तर?" ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे तीन-चार कुटुंबांनी मिळून सह्या करणं किंवा संघाच्या लेटरहेडवर अर्ज देणं. नाव गोपनीय ठेवावं, अशी ओळही त्यात घालता येते.

आधी स्वतः काय बघायचं

अर्ज जितका नेमका, तितकी तपासणी नेमकी. नुसतं 'सेवा निकृष्ट आहे' लिहिलं तर अधिकारी येऊन चहा पिऊन जाईल.

भिंतीपासून सुरुवात करा. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. ते तीन वर्षांसाठी असतं आणि मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तारीख वाचा. मालकाचं नाव, पत्ता आणि खाटांची संख्या प्रत्यक्षाशी जुळते का तेही बघा. कागदावरच्या आणि खोलीतल्या खाटांचे आकडे वेगळे निघाले की बाकीचं बोलायची गरजच उरत नाही. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक आणि तक्रार निवारण कक्षाचा टोल फ्री क्रमांक लावणंही सक्तीचं केलं आहे.

अग्निशमनाचा 'नमुना ब' मागा. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलै असा दोनदा द्यावा लागतो. कागद असला तरी जिना बघाच. बंगल्याचा अरुंद वळणाचा जिना आणि वरच्या मजल्यावर आठ अंथरुणाला खिळलेले पेशंट, ही रचनाच धोक्याची आहे. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र लागतं. सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, ड्रेसिंगचे बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि कॅथेटर लाल पिशवीत. सगळं एकाच काळ्या पिशवीत दिसलं की फोटो काढा.

'सिस्टर' म्हणून हाक मारली जाणारी प्रत्येक मुलगी नर्स नसते. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारा. बाकीच्या मावशी आणि ब्रदर सेवा मनापासून करतात, पण इन्सुलिनचं इंजेक्शन देणं त्यांचं काम नव्हे. रात्रपाळीला पात्र नर्स आहे का, हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. दिवसा सगळीच सेंटर्स नीट दिसतात.

औषधांचा तक्ता हातात घ्या. दुपारी चार वाजता गेलात आणि रात्री नऊच्या रकान्यात आधीच बरोबरची खूण दिसली, तर तो तक्ता औषध देताना भरला जात नाही, आठवडाभराचा एका बैठकीत भरला जातो. तारखेसह त्या पानाचा फोटो अर्जाला जोडला तर तो दहा तक्रारींवर भारी पडतो. आपल्या माणसाला कुशीवर वळवून कंबर, टाचा आणि माकडहाड बघा. लालसर, दाबूनही न फिकटणारा डाग म्हणजे बेडसोरची, एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात. तो दिसला तर कुशी बदलण्याची नोंदवही मागा.

सोलापूरचे म्हणून काही प्रश्न आहेत. शहरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. वीस पेशंटांच्या जागेत डायपर, चादरी, आंघोळी मिळून पाणी किती लागतं याचा विचार करा आणि टाकी कुठे, केवढी, शेवटची कधी धुतली ते विचारा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये खाटा असतील तर कूलर आहे का, आणि लाईट गेल्यावर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कशावर चालतो? जेवणात कडक भाकरी चवीला कितीही चांगली असो, गिळायला त्रास असलेल्याच्या ताटात ती येता कामा नये. भाषेचंही बघा. पूर्व भागातली विणकर आजी तेलुगूत 'पाणी' मागणार, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नडमध्ये. पाळीवर एकालाही ती भाषा कळत नसेल, तर कागदपत्रं कितीही चोख असोत, त्या खाटेवर हेळसांड होणारच.

पेशंटला खाटेला बांधून ठेवलेलं दिसलं तर ते वेगळ्या परिच्छेदात लिहा. मानसिक आजाराचे रुग्ण ठेवणाऱ्या जागेला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी लागते. तिथं बांधून ठेवणं ही शिक्षा किंवा सोय म्हणून चालत नाही.

अर्ज आणि सोबतचे कागद

साधा कागद पुरतो. मसुदा असा ठेवा:

"विषय: (केंद्राचे नाव व पूर्ण पत्ता) येथील तपासणी करून कारवाई करणेबाबत.
महोदय, माझे वडील दि. … पासून वरील ठिकाणी दाखल आहेत. दि. … रोजी दुपारी … वाजता मी समक्ष पाहिलेल्या बाबी पुढीलप्रमाणे: … . सदर ठिकाणी पूर्वसूचना न देता, शक्यतो रात्रपाळीत तपासणी करावी आणि अहवालाची प्रत मला मिळावी, ही विनंती."

सोबत अर्जदाराच्या आधार कार्डाची प्रत, दाखल करतानाचा करारनामा किंवा प्रवेश अर्ज, पैशांच्या पावत्या (ऑनलाइन भरले असतील तर बँकेचा उतारा), फोटो आणि असतील तर औषधांच्या चिठ्ठ्या. फोटोत दुसऱ्या पेशंटांचे चेहरे येऊ देऊ नका. अंगावर जखम असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून लेखी घ्या. सिव्हिलमधला केसपेपरही चालतो. केंद्राकडचे वैद्यकीय कागद हवे असतील तर लेखी मागा. मागणीनंतर ७२ तासांत ते देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

अर्ज झोन ऑफिसात न देता मुख्य कार्यालयाच्या आवक शाखेत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाहेरगावी असाल तर स्पीड पोस्ट करा किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदवून टोकन क्रमांक जपून ठेवा.

पुढे काय होतं

अधिकारी जागा, रजिस्टर आणि कर्मचाऱ्यांचे दाखले बघतो, पंचनामा किंवा अहवाल करतो आणि त्रुटी असतील तर नोटीस काढतो. नोंदणी रद्द करायची झाली तरी आधी किमान महिनाभराची नोटीस आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागते. तेव्हा "उद्याच सील ठोका" ही अपेक्षा ठेवू नका. शिवाय सील लागलं तर आतल्या वीस म्हाताऱ्यांना कुठं न्यायचं, हा प्रश्न प्रशासनालाही पडतो.

काहीच हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकार. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मागायचं एवढंच: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेली कार्यवाही, त्या केंद्राची नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल. उत्तरासाठी ३० दिवस. त्यानंतर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

डिपॉझिट अडकलं असेल किंवा पैसे घेऊन सेवा दिली नसेल, तर ते आरोग्य खातं मिळवून देणार नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे: दोन वर्षांच्या आत जा, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. प्रांताधिकाऱ्यांसमोरचं ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरण हे मुलांकडून पोटगी मागण्यासाठी असतं. केंद्राच्या दर्जाची तक्रार घेऊन तिथं हेलपाटे घालणारे बरेच दिसतात, ते टाळा.

मारहाण झाली, कोंडून ठेवलं किंवा जीवावर बेतलं, तर अर्ज बाजूला ठेवून ११२ लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे; कोणाशी बोलावं हेच कळत नसेल तेव्हा ती उपयोगी पडते. माणूस तिथून हलवायचं ठरलं, तर निघताना चालू औषधांची यादी, शेवटचा डोस किती वाजता दिला याची नोंद आणि राहिलेल्या गोळ्या ताब्यात घ्या. 'सर्व हिशेब मिटला' अशा मजकुराखाली सही मागितली, तर 'तक्रारीचा हक्क राखून' एवढं हातानं लिहून मगच सही करा.